सार्वजनिक बागेत मुलांसाठी निसर्ग-खेळाची जागा: जमिनीच्या तपासणीपासून वर्षभराच्या निगेपर्यंत

चार ओंडके, दोन मोठे दगड आणि वाळूचा एक ढीग आणून टाकला की काम झालं, अशा समजुतीने बऱ्याच ठिकाणी निसर्ग-खेळाची जागा उभी राहते. पहिल्या जोरदार पावसात वाळू वाहून जाते, ओंडक्यांच्या बुडाशी पाणी साचतं, टेकडीच्या उतारावर घळी पडतात. तक्रारी येऊ लागतात आणि काही महिन्यांत ते सगळं उचलून त्या जागी पुन्हा रंगीत घसरगुंडी बसते. दोष लाकडाचाही नसतो आणि मुलांचाही नसतो. जमीन, पाण्याचा निचरा आणि रोजची निगा यांचा विचार सगळ्यात शेवटी होतो, म्हणून काम फसतं. खेळाची साधनं निवडणं हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड भाग मातीत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आराखड्याच्या पहिल्या बैठकीलाच त्या बागेची देखभाल प्रत्यक्ष करणारा माळी हजर हवा. पाणी कुठे तुंबतं, कोणत्या झाडाच्या फांद्या वारंवार मोडतात, संध्याकाळी कुत्री कुठे बसतात, हे त्याला कागदाशिवाय माहीत असतं. शिवाय पुढची अनेक वर्षं वाळू चाळणार आणि जमिनीवर लाकडी चिप्स, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे, पसरणार तोच. त्याला न विचारता केलेली रचना त्याच्यावर लादलेली राहते आणि लादलेल्या कामाची निगा कशी होते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

जागा पारखणं

तीनशे ते पाचशे चौरस मीटर जागा मिळाली तर उत्तम, पण दीडशे चौरस मीटरमध्येही चांगलं काम होतं. क्षेत्रफळापेक्षा सावली महत्त्वाची. भरपूर झाडं, थोडा चढउतार, जवळ पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह असेल अशी जागा आधी शोधा. सपाट, उघडी, बिनसावलीची जागा मिळाली तर झाडं मोठी होईपर्यंत मांडवाची सोय करावी लागेल, हे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

आठवड्यातल्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी बागेत बसून मुलं काय करतात ते पाहा. कोणत्या झाडाच्या मुळांवर बसतात, झुडपांमागून कुठे पायवाट पडली आहे, नळाखालच्या ओल्या मातीत कोण खेळतं, याच्या खुणा नकाशावर करा. मुलांनी स्वतः निवडलेल्या या जागा आराखड्यात जपायच्या आहेत. त्यांच्यावर नवं बांधकाम टाकायचं नाही.

मग चार तपासण्या करा. कितीही घाई असली तरी यांतली एकही वगळू नका.

पहिली, जमिनीखालच्या वाहिन्या. वीज, पाणी, गॅस आणि सांडपाणी यांचे नकाशे मागवून खड्ड्यांच्या जागा त्यांच्याशी जुळवून घ्या.

दुसरी, जमिनीचा इतिहास. तिथे पूर्वी कचरा टाकला जात होता का, पेट्रोल पंप किंवा कारखाना होता का, जुनी रंगवलेली इमारत पाडली होती का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नक्की माहीत नाही’ असेल तर प्रयोगशाळेतून मातीतलं शिसं आणि इतर जड धातू तपासून घ्या. लहान मुलं मातीचे हात तोंडात घालणारच, तेव्हा इथे अंदाजावर चालत नाही.

तिसरी, निचरा. ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा आणि या दुसऱ्या वेळी पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजा. तासाला २ ते ३ सेंटिमीटर किंवा जास्त उतरली तर पाण्याचा खेळ ठेवायला हरकत नाही. २४ तासांनंतरही पाणी तसंच असेल तर जमीन चिकण किंवा दाबलेली आहे. अशा जागी वाळूचा हौद जमिनीत खणू नका, जमिनीच्या वर उभारा.

चौथी, झाडांची मुळं. ब्रिटिश मानक बीएस ५८३७ मधला सोपा नियम कुठेही वापरता येतो: छातीच्या उंचीवर बुंध्याचा जो व्यास भरेल त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ मुळांसाठी राखून ठेवा. बुंधा ४० सेंटिमीटरचा असेल तर चारही बाजूंना ४.८ मीटर. या वर्तुळात जेसीबी आणू नका, भराव टाकू नका, खोल खणू नका. अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्येच असतात. माती दाबली गेली की त्यांना हवा मिळत नाही. झाड लगेच वाळत नाही, दोन-चार वर्षांनी शेंड्याकडून सुकायला लागतं आणि तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही. वर्तुळाच्या आत चालेल ते एवढंच: हातांनी पसरलेला चिप्सचा ५ ते ८ सेंटिमीटरचा थर, आणि तोही बुंध्याला न टेकवता.

आराखडा पाण्याच्या वाटेने करा

कागदावर आधी पाणी कुठून कुठे जाईल ते काढा. पाण्याचा स्रोत सगळ्यात उंच ठिकाणी, त्याखाली उथळ पाट, पाटाच्या वाटेत वाळू, त्याखाली चिखलाची जागा आणि शेवटी पाणी जिरवणारा, झाडं लावलेला खोलगट भाग. हा क्रम चुकला तर वाळू गटारात आणि चिखल रस्त्यावर जातो.

प्रवेशाजवळ लहानग्यांची वाळू आणि बुटके ओंडके ठेवा. चढण्या-उड्या मारण्याची जागा लांब, म्हणजे मोठ्या मुलांच्या धावपळीच्या वाटेत लहान मुलं येत नाहीत. एखादा शांत कोपरा मुद्दाम ठेवा. झुडपांनी तीन बाजूंनी वेढलेली, दोन-तीन मुलं मावतील एवढी जागा पुरते. गर्दीने बावरणारी मुलं तिथूनच खेळायला सुरुवात करतात. मुख्य पायवाट गोल फिरून परत येणारी, दीड मीटर रुंद आणि टणक ठेवा, म्हणजे चाकाची खुर्चीही फिरेल. ती वाट वाळूच्या आणि पाण्याच्या थेट काठाशी न्या. वाळूची एक कडा साधारण ७० सेंटिमीटर उंचीच्या टेबलासारखी करून खाली गुडघ्यांना मोकळी जागा ठेवली तर खुर्चीत बसलेलं मूलही त्याच खेळात सामील होतं.

पालकांची बाकं सावलीत आणि थोडी मागे असू द्या. बसल्या जागेवरून बहुतेक भाग दिसावा, सगळा नाही. झुडपं एक मीटरच्या खाली आणि झाडांच्या फांद्या दोन मीटरच्या वर छाटल्या की नजर मधून जाते आणि मुलांना लपल्याचं समाधानही मिळतं.

टेकडी

टेकडीसारखं स्वस्त आणि टिकाऊ खेळाचं साधन दुसरं नाही. १.२ मीटर उंची पुरेशी असते. माथा दोन मीटर व्यासाचा आणि उतार एकास तीन (आडव्या तीन मीटरला एक मीटर चढ) धरला तर पायाचा व्यास ९.२ मीटर होतो आणि दाबून बसवलेली माती सुमारे ३४ घनमीटर लागते. सैल मातीचं आकारमान जास्त भरतं, म्हणून मागणी ४० ते ४२ घनमीटरची नोंदवा. एकास तीन उतारावर गवत टिकतं आणि कापताही येतं. एका बाजूला एकास दोन इतका तीव्र उतार ठेवला तर मुलांना चढायला मजा येते, पण तिथे गवत टिकणार नाही हे गृहीत धरून दगडांच्या पायऱ्या किंवा आडवे ओंडके आधीच बसवा.

माती २०-२५ सेंटिमीटरच्या थरांनी टाका आणि प्रत्येक थर ओलसर करून दाबा. एका दमात ओतलेली टेकडी वर्षभर खचत राहते. वरचे १५ ते २० सेंटिमीटर सुपीक माती सैलच असू द्या, दाबलेल्या मातीत गवताचं मूळ शिरत नाही. आत बांधकामाचा राडारोडा घालून पैसे वाचवायचे असतील तर त्यातलं लोखंड आणि काच वेचून काढा आणि त्यावर किमान ६० सेंटिमीटर स्वच्छ माती ठेवा. मुलं टेकडी खणणार, हे धरूनच चाला.

भुयार हवं असेल तर आतून किमान ७५ सेंटिमीटर व्यासाचा पाइप घ्या. त्यात मोठ्या माणसाला आत जाता येतं आणि घाबरून बसलेल्या मुलाला बाहेर आणता येतं. पाइप सरळ ठेवा, एका टोकाकडून दुसरं टोक दिसायला हवं. दोन टक्के उतार दिला की आत पाणी साचत नाही. पाइपवर किमान ४० सेंटिमीटर माती हवी आणि पाइपची तोंडं टेकडीच्या उताराबाहेर डोकावू देऊ नका.

गवत पेरल्यावर आठ ते दहा आठवडे टेकडी बंद ठेवावी लागते. उद्घाटनाची तारीख आधी जाहीर करून बसलात तर इथेच कात्री लागते आणि कोवळं गवत पहिल्याच रविवारी तुडवलं जातं.

वाळू आणि पाणी

चार बाय पाच मीटरचा हौद मध्यम बागेला पुरतो. ६० सेंटिमीटर खणा. तळाशी १५ सेंटिमीटर खडी, त्यावर पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड, वर ४५ सेंटिमीटर वाळू. म्हणजे ९ घनमीटर, वजनाने १४ टनांच्या आसपास. कापडाचे तुकडे एकमेकांवर ३० सेंटिमीटर चढवा आणि कडा वरपर्यंत घ्या. कापड नसेल तर खडी वर येते, वाळू खाली जाते आणि काही महिन्यांत दोन्ही निकामी होतात.

वाळूची निवड बहुतेक जण चुकवतात. किल्ले बांधायला लागणारी वाळू बारीक असते आणि तिच्यात थोडे अगदी बारीक कण असावे लागतात, म्हणजे ओली झाल्यावर मूठ धरते. पडल्यावर मार झेलायला लागणारी वाळू याच्या उलट: धुतलेली, गोल कणांची, ०.२ ते २ मिलिमीटर जाडीची, चिकण आणि गाळ नसलेली. पहिल्या प्रकारची वाळू दाबून घट्ट होते, तिच्यावर डोकं आपटलं तर इजा होते. म्हणून चढण्याच्या वस्तू वाळूच्या हौदात उभ्या करू नका. नमुना हातात घ्या, ओला करून गोळा करा, मूठ उघडा. गोळा टिकला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर खेळायला योग्य. हाताला मातकट डाग राहिला तर माती जास्त आहे, ती परत करा.

अर्धा हौद सावलीत, अर्धा उन्हात ठेवा. ऊन वाळू कोरडी आणि निर्जंतुक ठेवायला मदत करतं, सावली मुलांना जास्त वेळ बसू देते. रात्री जाळीचं आच्छादन टाका. मांजराची विष्ठा हा वाळूच्या हौदाचा खरा शत्रू आहे, तिच्यातून जंत आणि टॉक्सोप्लाझ्मासारखे परजीवी येतात. प्लास्टिकची ताडपत्री मात्र नको, खाली दमटपणा कोंडतो.

पाण्यासाठी हापसा किंवा दाबल्यावर दहा-पंधरा सेकंद चालून आपोआप बंद होणारा नळ बसवा. पाणी पिण्याच्या दर्जाचंच हवं, मुलं ते पिणारच. हापशाची मूठ मुलाच्या कमरेइतक्या उंचीवर असावी आणि दांडा-खोबणीत बोट चिमटणार नाही अशी आवरणं हवीत. पाट २० ते ३० सेंटिमीटर रुंद, ८ ते १० सेंटिमीटर खोल, उतार मीटरला एक ते दोन सेंटिमीटर. यापेक्षा जास्त उतार दिला तर पाणी इतक्या वेगाने निघून जातं की मुलाला काही करायला वेळच मिळत नाही. संथ पाण्यात एक मूल हापसतं, दुसरं तीन मीटर खाली पान आणि वाळू रचून बांध घालतं, तिसरं तो फुटण्याआधी बाजूने चर काढतं. तीन अनोळखी मुलं अशी एका कामात गुंततात. पाटाच्या कडेला खाचा ठेवा, त्यांत फळकुटं उभी घालून पाणी अडवता येतं.

आता जिरवण्याचा हिशोब. नळ मिनिटाला ८ लिटर देत असेल आणि सतत चालला तर तासाला ४८० लिटर. जमीन तासाला २.५ सेंटिमीटर पाणी जिरवत असेल तर एक चौरस मीटर तासाला २५ लिटर घेतो. म्हणजे सुमारे १९ चौरस मीटरचा खोलगट भाग हवा. तेवढी जागा नसेल तर नळाचा प्रवाह कमी करा किंवा पाण्याची वेळ ठरवा. पाटाच्या शेवटी ४० बाय ४० आणि ५० सेंटिमीटर खोल अशी वाळू धरणारी कुंडी बांधून तिच्यावर कुलूपबंद जाळी बसवा, ती दर आठवड्याला उपसा. ही कुंडी नसेल तर खालची निचरा-नळी वाळूने गच्च भरते आणि ती साफ करायला सगळं उखडावं लागतं. उबदार हवेत डासाची अंडी ते डास हा प्रवास आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होतो. म्हणून कुठेही पाणी दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उभं राहू नये. दगडातली नैसर्गिक खळगीसुद्धा यात धरा.

ओंडके आणि दगड

वादळात पडलेलं किंवा अन्य कारणाने कापावं लागलेलं झाड शहरात कुठे ना कुठे मिळतं. उद्यान विभागाला आधी सांगून ठेवा की बुंधा तुकडे न करता अखंड हवा. मधला गाभा जाड असलेलं, नैसर्गिकपणे टिकाऊ लाकूड घ्या. साग, ओक, रॉबिनिया जमिनीला टेकूनही बरीच वर्षं काढतात. मऊ, फिकट लाकूड दोन-तीन वर्षांत कुजतं, ते फुकट मिळालं तरच वापरा आणि बदलायची तयारी ठेवा. रेल्वेचे जुने स्लीपर आणू नका, त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरायचं डांबरी तेल, मुरलेलं असतं आणि ते कर्करोगकारक आहे. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाने प्रक्रिया केलेलं जुनं लाकूडही नको.

साल काढून टाका. सालीखाली ओल धरते, कुजणं लवकर सुरू होतं आणि सैल साल पायाखालून निसटते. फांद्यांची टोकं गोल घासून घ्या, ठेंगण्या खुंट्या तशाच ठेवल्या तर मूल पडताना त्या पोटात घुसतात. तोल साधत चालायचा आडवा ओंडका ३० ते ५० सेंटिमीटर जाडीचा असावा आणि त्याचा एक तृतीयांश भाग जमिनीत गाडा. ४० सेंटिमीटर जाड आणि ४ मीटर लांब ओल्या ओंडक्याचं वजन साडेचारशे किलोच्या घरात जातं. तो माणसांनी ढकलत नेण्याचा विषय नाही, क्रेन किंवा जेसीबी सांगा. आणि एवढं वजन नुसतं जमिनीवर ठेवलं तर कधीतरी घरंगळेल, मग तळाला कितीही दगडांची पाचर लावलेली असो.

पायऱ्यांसारखे उभे खुंट ४५ सेंटिमीटरपर्यंत वर आणि किमान तेवढेच जमिनीत. दोन खुंटांमधलं अंतर ३० ते ४५ सेंटिमीटर, पण सगळी अंतरं आणि उंच्या एकसारख्या करू नका. असमान अंतरावर मुलाला दर पावलाला विचार करावा लागतो, आणि पाय टाकण्याआधी पाहायची सवय यातूनच लागते. वरचा गुळगुळीत काप पावसात अतिशय निसरडा होतो, त्यावर करवतीने अर्धा सेंटिमीटर खोल आडव्या-उभ्या रेघा पाडा. खड्ड्यात तळाला १० सेंटिमीटर खडी घाला. काँक्रीटच्या पेल्यात बसवलेला खुंट पाणी धरून जमिनीलगतच कुजतो.

दगड घडीव नकोत, झिजलेल्या कडांचे घ्या. ६० सेंटिमीटर घनाकार दगड साधारण साडेपाचशे किलोचा असतो. त्याचा एक तृतीयांश भाग गाडून माती ठोकून बसवा, मग दोन माणसांनी हलवून पाहा. दगड-दगड, दगड-ओंडका यांच्यातल्या फटी मोजा. खेळाच्या साधनांच्या युरोपीय मानकात, ईएन ११७६ मध्ये, ८९ ते २३० मिलिमीटरच्या दरम्यानची फट धोक्याची मानली आहे: मुलाचं धड निसटून जातं आणि डोकं अडकतं. बोटांसाठी ८ ते २५ मिलिमीटरच्या फटी टाळा. फट बुजवा किंवा मोकळी मोठी करा, अर्धवट सोडू नका.

पडल्यावर काय

६० सेंटिमीटरपेक्षा उंच जिथे चढता येतं त्याच्या खाली मार झेलणारा थर हवा. एक मीटरपर्यंत दाट, जिवंत गवत चालतं, पण ज्या ठिकाणी मुलं रोज उड्या मारतात तिथे गवत महिन्याभरात नाहीसं होऊन कडक जमीन उरते. त्यामुळे व्यवहारात चिप्सवरच भिस्त ठेवा. ५ ते ३० मिलिमीटर आकाराचे लाकडी चिप्स दोन मीटर उंचीपर्यंत २० सेंटिमीटर आणि तीन मीटरपर्यंत ३० सेंटिमीटर लागतात. यावर आणखी १० सेंटिमीटर घाला, कारण पायांनी ते बाजूला सरकतातच. तीन मीटरपेक्षा उंच काहीही नको. निसर्ग-खेळाच्या जागेत दीड मीटरच्या वर जायचं कारणही सहसा नसतं.

थर किती रुंद हवा? उंची दीड मीटरपर्यंत असेल तर कडेपासून चहूबाजूंनी दीड मीटर मोकळं. त्यापुढे उंचीला दोन तृतीयांशाने गुणून अर्धा मीटर मिळवा: २.४ मीटर उंचीला २.१ मीटर. या पट्ट्यात दगड, खुंट, बाकाचा कोपरा, झाडाची वर आलेली मुळं काहीही नको. निसर्ग-खेळाच्या जागांमध्ये हाच नियम सर्वाधिक मोडला जातो. ओंडका छान दिसावा म्हणून शेजारी दगड रचले जातात आणि मूल नेमकं त्यांच्यावर पडतं.

झाडं-झुडपं

तुडवलं तरी पुन्हा फुटणारी, वाकणारी, पानं-बिया देणारी झाडं लावा. उंच गवताचे ताटवे, बांबूची बेटं, दाट फुटव्याची झुडपं, वासाची पानं. एकेक रोप सुटं लावलं तर पायाखाली मरतं. झुडपं चौरस मीटरला तीन ते पाच अशा दाटीने, गटागटात लावा आणि पहिली एक-दोन वर्षं गटाभोवती बुटकं काठ्यांचं कुंपण ठेवा. गटांमधून मुलांची वाट आधीच मोकळी सोडली तर ती रोपांतून घुसत नाहीत.

विषारी झाडांची यादी माळ्याबरोबर बसून तपासा. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, एरंड, गुंज आणि घाणेरी खेळाच्या जागेत नकोत. गुंजेच्या लाल-काळ्या बिया मुलांना फार आवडतात, म्हणूनच ती जास्त धोक्याची. काटेरी झुडपं धावण्याच्या वाटेपासून आणि पडण्याच्या पट्ट्यापासून दूर असतील तर चालतात, पक्ष्यांना ती हवीच असतात. खूप मधमाश्या येणारी फुलझाडं कडेला न्या.

उघड्या मातीची आणि पालापाचोळ्याची भीती बाळगू नका. फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि झुडपं आणून टाकली, तेव्हा २८ दिवसांत तिथल्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या रोगप्रतिकार-नियंत्रणाच्या काही खुणाही सुधारल्या. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला.

सुटं सामान

काठ्या, शंकू, मोठ्या बिया, गोटे, सालीचे तुकडे, बांबूच्या कांड्या, बादल्या. मुलांना हलवता, रचता, मोडता येईल असं काही नसेल तर ती जागा कितीही देखणी असली तरी तिसऱ्या भेटीत संपते. डेन्मार्कचे भूरचनाकार सी. टी. सोरेन्सन यांनी कोपनहेगनमधल्या एमड्रुप इथे १९४३ साली, जर्मन ताबा असताना, मुलांना टाकाऊ सामानातून हवं ते बांधू देणारं मैदान सुरू केलं. मुलं तयार मैदानांपेक्षा बांधकामाच्या जागी आणि भंगारात जास्त रमतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

काठ्या मनगटापेक्षा जाड नकोत आणि साधारण दीड मीटरपर्यंत लांब असाव्यात, फाटलेली टोकं कापून टाका. तीन वर्षांखालची मुलं येत असतील तर ३२ मिलिमीटरपेक्षा बारीक वस्तू त्यांच्या भागात नको, घशात अडकतात. सुट्या दोऱ्या ठेवू नका, गळ्याला फास बसू शकतो. सामान घरी जाईल, फेकलं जाईल, कुजेल. ते अपेक्षितच आहे. झाडांच्या छाटणीतून दर महिन्याला नवं सामान टाकायची सोय करा.

इथे ‘पसारा’ म्हणून तक्रारी येतात. यावर एक साधा उपाय नक्की लागू पडतो: कडा नेटक्या ठेवा. चहूबाजूंनी अर्धा-एक मीटर गवत नीट कापलेलं, स्वच्छ पायवाट आणि हे मुलांच्या खेळासाठी मुद्दाम असं ठेवलं आहे हे सांगणारा फलक. आतला गोंधळ मग कुणाला खटकत नाही.

धोक्याचा विचार

प्रत्येक ठिकाणासाठी एक पान भरा: इथे मुलाला काय मिळतं, काय इजा होऊ शकते, किती गंभीर, ती कमी करायला काय केलं, आणि त्यानंतर उरलेली जोखीम त्या फायद्याच्या मानाने मान्य आहे का. निर्णय घेणाऱ्याची सही आणि तारीख हवी. पुढे अपघात झाला तर हेच पान दाखवता येतं.

ठरवताना एक प्रश्न पुरतो: मुलाला हे दिसतंय का? ओंडक्याची उंची दिसते, पाणी ओलं आहे हे कळतं, दगडावर चढताना हात सुटेल हे उमगतं. असं ठेवा. कुजलेला खुंट वरून शाबूत दिसतो, वाळूतली काच दिसत नाही, वरची सुकलेली फांदी कुणी पाहत नाही. असं सगळं शोधून काढणं हे मोठ्यांचं काम आहे. खरचटणं आणि गुडघा फुटणं शून्यावर आणायचा प्रयत्न केला तर खेळच शून्यावर येतो.

निगा

रोज, गर्दीच्या आधी: काच, विष्ठा, मोडलेल्या फांद्या, नळ. पंधरा मिनिटांचं काम आहे. दर आठवड्याला वाळू २०-३० सेंटिमीटर खोल उलटी करा, कुंडी उपसा, चिप्स उड्यांच्या जागी परत ओढा. थर किती उरला हे अंदाजाने ठरवू नका: शेजारच्या खांबावर किंवा खुंटावर अपेक्षित पातळीची रंगीत रेघ मारून ठेवा, रेघेखाली लाकूड दिसलं की भर घालायची. चिप्स कुजून दरवर्षी ५ ते १० सेंटिमीटर कमी होतात, तेवढी भर अंदाजपत्रकात कायमची असू द्या. पूर्ण कुजलेला तळचा थर माती बनून घट्ट होतो. तो दोन-तीन वर्षांनी काढून झाडांच्या आळ्यात घाला.

दर एक ते तीन महिन्यांनी बारकाईने तपासणी करा. ओंडक्याच्या बुडाशी १० सेंटिमीटर माती बाजूला सारा आणि जमिनीच्या रेघेच्या किंचित खाली स्क्रूड्रायव्हर दाबा. चांगल्या लाकडात टोक दोन-तीन मिलिमीटरवर अडतं. दोन सेंटिमीटर सहज गेलं तर कुज आत पोचली आहे. मग हातोडीने ठोका, पोकळ आवाज आला तर त्याच दिवशी तो भाग बंद करा. वाळवीच्या मातीच्या नळ्या आणि लाकडावरची बुरशीची छत्रं हीसुद्धा खूण आहे. वर्षातून एकदा बाहेरच्या, जाणकार तपासनीसाकडून सगळं पाहून घ्या. झाडं मात्र वादळानंतर लगेच आणि वृक्षतज्ज्ञाकडूनच. निकामी ओंडका जाळू नका, कडेच्या झुडपात आडवा टाका, तिथे किडे, सरडे आणि पक्षी येतात.

लपायच्या झुडपांचे कोपरे दोन असतील तर एक वर्ष एक, दुसऱ्या वर्षी दुसरा बंद ठेवता येतो. तुडवून टणक झालेली माती बागकामाच्या काट्याने सैल करा, १० सेंटिमीटर पालापाचोळ्याचं खत पसरा, नवी रोपं लावा आणि कुंपण घाला. बंद करताना कुंपणावर फलक लावा: का बंद आहे आणि कोणत्या तारखेला उघडणार. तारीख लिहिलेली असली की कुंपण मोडलं जाण्याचं प्रमाण खूप कमी होतं, आणि त्या दिवशी ते खरोखर काढायचं.